जळकं फडकं : कळव्याच्या गच्चीवरच्या नोंदी

५ एप्रिल २०२५, शनिवार

हे कुठून सुरू झालं ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी मलाच आठवणार नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी माळा आवरताना बाबांच्या जुन्या ट्रंकेत एक वाकडा लोखंडी तुकडा सापडला, बोटभर लांब, दोन्ही टोकं आत वळलेली, गंजलेला. मी भंगारात टाकणार होतो तर बाबा जवळजवळ ओरडलेच. 'ही माझ्या आजोबांची चकमक आहे,' म्हणे. मुरबाडकडच्या गावी आजोबा शेतावर जाताना कनवटीला गारगोटी, हे लोखंड आणि एका नळीत जळका कापूस ठेवायचे, चिलीम पेटवायला. काडेपेटी मिळत नव्हती असं नाही पण पैसे पडायचे आणि पावसात ती भिजायची.

म्हटलं करून बघू. दगड आणि लोखंडाची ठिणगी इतकी दुबळी असते की कागद, साधा कापूस, सुकं गवत काही पेटत नाही तिने. तिला पकडायला आधीच अर्धवट जाळलेलं सुती कापड लागतं, त्याला इंग्रजीत 'चार क्लॉथ' (char cloth) म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव दोन दिवसांत 'जळकं फडकं' झालंय.

तत्त्व सोपं आहे. कापूस म्हणजे जवळपास सगळा सेल्युलोज. डब्यात बंद करून तापवला की हवा नसल्यामुळे तो पेटत नाही, साधारण ३०० अंशांच्या पुढे फुटायला लागतो, त्यातून वाफ आणि धूर बाहेर जातो आणि मागे राहतो कार्बनचा सांगाडा, विणीसकट. कोळशाच्या भट्टीत लाकडाचं होतं तेच. म्हणजे लागतं काय तर एक पत्र्याची डबी, तिला धूर जायला एक बारीक भोक, आणि खाली आच.

लेकीची दहावी संपली म्हणून तिची कंपासपेटी मोकळी झाली होती. माझ्या जुन्या बनियनचे चौकोन कापून आत रचले, झाकणाला खिळ्याने भोक पाडलं आणि गॅसवर ठेवली. पहिल्या पाच मिनिटांत पेटीवरचा रंगच जळायला लागला, असला घाण वास की बायकोने पोळ्या अर्धवट टाकून गॅस बंद केला आणि पेटी सांडशीने धरून सरळ बाल्कनीत नेऊन ठेवली. उघडली तर कडांची राख आणि मधे तांबूस फडकी. पुढचं संभाषण इथे लिहीत नाही.

चूक दोन ठिकाणी. रंगवलेला पत्रा आधी बाहेर मोकळ्यावर रिकामाच जाळून घ्यायला हवा होता. आणि कंपासपेटीची बिजागरीची बाजू, तिथून नखभर फट आहे, हवा आत जाणारच.

१२ एप्रिल, शनिवार

स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. हे खरं तर बरोबरच आहे कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, बंद खोलीत हे करूच नये. ट्रेकिंगचा छोटा गॅस स्टोव्ह घेऊन गच्चीवर गेलो. आमची बिल्डिंग चार मजली, जुनी, गच्चीवरून पारसिकचा डोंगर समोर दिसतो आणि खालून लोकलचा आवाज. सकाळी साडेसहाला ऊन नसतं आणि कपडे वाळत घालणाऱ्या बायकाही आलेल्या नसतात, ही वेळ धरून ठेवलीय.

आजची डबी बूटपॉलिशची. झाकण गोल, दाबून बसणारं, फट नाही. ती रिकामी आहे असं मला वाटत होतं पण कडेच्या खाचेत मेण राहिलेलं, तापल्यावर ते वितळून पेटलं, पण हे रिकाम्या डबीवरच झालं कारण या वेळी शहाणपण करून आधी रिकामी तापवली होती. गार करून, राखेने घासून, मग कापड भरलं. ७ चौकोन, दोन बोटं रुंद, सैलसर. दाबून भरले की मधले कच्चे राहतात.

भोक बारीक खिळ्याचं, दोन मिलिमीटर असेल. मंद आच. आधी पांढरी वाफ, ती म्हणजे कापडातला दमटपणा. मग चार-पाच मिनिटांनी जाड पिवळट धूर, भोकातून सरळ पिचकारीसारखा. मग पातळ. साधारण १२ मिनिटांनी थांबला. डबी उतरवून फरशीवर ठेवली आणि दोन मिनिटांत उघडली, राहवतच नव्हतं. सगळे काळे कुळकुळीत, बघून इतका आनंद झाला, आणि मी बघतोय तोवर वरच्या फडक्याच्या कोपऱ्यावर एक लाल ठिपका आला आणि सरकायला लागला. झाकण टाकेपर्यंत तीन फडकी गेली. गरम असताना हवा लागली की स्वतःच पेटतं ते, ठिणगीचीही गरज नाही. एका अर्थी माल चांगला झाल्याची पावतीच.

दुसरी बॅच केली, या वेळी अर्धा तास हात लावला नाही. तरी वरच्या फडक्यावर मधोमध एक रुपयाएवढा करडा गोल, राखेचा. आधी कळेना. मग डबी समोर धरून बघितलं तर गोल बरोबर भोकाच्या खाली. गार होताना डबीच्या आतला वायू आकसतो आणि भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते, ती थेट खालच्या गरम फडक्यावर. म्हणजे आचेवरून उतरवल्या उतरवल्या भोक बंद करायचं, तोवर नाही. (नंतर जोडलेलं: तापत असताना बंद असलं तर काय होतं ते २० तारखेच्या नोंदीत आहे.)

१४ एप्रिल, सोमवार, सुट्टी

कपडे. घरातल्या सगळ्या चिंध्यांची परीक्षा.

बनियन (होजिअरी): काळं छान होतं पण जाळीदार, हातात घेतलं की लोंबतं, फाटतं.

लेकीचा टीशर्ट. लेबल कापलेलं. डबीतून निघाला तो काळा कडक पापड, एकाला एक चिकटलेला. पॉलिस्टर होतं. डबी खरवडायला अर्धा तास गेला. आता नियम केलाय, कुठलंही कापड घेतलं की आधी एक दोरा ओढून काडीने जाळायचा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख राहते, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला टणक मणी होतो. बायको म्हणाली हे साडीच्या दुकानात आमच्या आईपासून सगळ्या बायका करतात, तुला आत्ता कळलं.

जीन्स: जाड, चांगली. फक्त हल्लीच्या जीन्समध्ये लवचिकपणासाठी काहीतरी घातलेलं असतं, तो भाग चिकटतो. जुनी, ताठ, जी आता पोटावर बसत नाही ती जीन्स उत्तम.

बाबांचा पंचा, जुना, शंभर वेळा धुतलेला: सगळ्यात सरस. विण मोकळी, धागा जाड, पृष्ठभाग लवदार. बाबांनी एकच दिला. मग मी जांभळी नाक्याला जाऊन दोन मीटर मांजरपाट घेऊन आलो. नवीन मांजरपाटाला खळ असते, ती गरम पाण्यात उकळून काढली आणि वाळवून वापरला. पंच्याइतका नाही पण जवळ जातो.

वजन केलं, बायकोचा केकचा काटा घेऊन. २१ ग्रॅम मांजरपाट, दोन डब्यांत मिळून, निघालं ४ ग्रॅम. चौकोनही आकसतात, चार सेंटिमीटरचा तीन-सव्वातीन होतो. सेल्युलोजमध्ये वजनाने साधारण ४४ टक्के कार्बन असतो, पण त्यातला बराचसा धुराबरोबर जातो म्हणून इतकं कमी उरतं. झाकणाच्या आत जो चिकट तपकिरी थर बसतो तो त्यातलाच. वास हाताला दोन दिवस राहतो. ऑफिसात एकाने विचारलं काल कुठे बार्बेक्यू का.

१९ एप्रिल, शनिवार

फडकी तयार, ठिणगी नाही. बाबांची चकमक गंज काढून, मीठ-लिंबाने घासून चकचकीत केली, गच्चीवर रस्त्यावरचा काळा दगड घेऊन बसलो, अर्धा तास ठोकलं. बोटाला लागलं फक्त. काळा दगड म्हणजे आपला बेसॉल्ट, त्याला काचेसारखी धार येत नाही. गारगोटी पाहिजे असं बाबा पहिल्या दिवसापासून सांगत होते, मी ऐकत नव्हतो.

गारगोटी मिळाली पलीकडच्या रिडेव्हलपमेंटच्या खोदकामात. इथल्या सगळ्या डोंगरांत लाव्हा थिजताना ज्या पोकळ्या राहिल्या त्यात नंतर गारगोटी, अकीक वगैरे भरलेलं असतं, पाया खणला की मातीबरोबर वर येतं. सुपरवायझरला विचारलं, त्याने माझ्याकडे बघून घेऊन जा साहेब म्हटलं. दोन मुठी आणले. पांढरी दाणेदार गारगोटी फोडली की चुरा होतो, धार टिकत नाही. त्यापेक्षा दुधी, मेणचट, आरपार उजेड दिसणारा अकीकाचा तुकडा चांगला, फोडला की ब्लेडसारखी कड. फोडताना लेकीचा लॅबचा गॉगल लावला, डोळ्यात कपची गेली तर गेलंच.

अकीक होता, धार होती, तरी त्या लोखंडावर ठिणगी नाही. एखादी फिकी, अंधारात दिसेल न दिसेल अशी.

दुपारी लोखंड घेऊन वागळे इस्टेटला एका लेथवाल्याकडे गेलो, ऑफिसच्या कामामुळे ओळख आहे. तो काही बोलला नाही, ग्राइंडर चालू केला आणि तुकडा चाकाला नुसता टेकवला. लांब, सरळ, पिवळट रेघा निघाल्या, टोकाला एखाद-दुसरी फांदी. मग स्वतःच्या टेबलावरची एक झिजलेली कानस उचलून तीच टेकवली तर ठिणग्यांचं झाडच, प्रत्येक रेघ फुटून पुन्हा फुटत होती, फुलबाजीसारखी. म्हणाला, 'साहेब, कानशीत कार्बन भरपूर, म्हणून ती फुटते. तुमचं हे एमएस आहे. साधं लोखंड.' मग तुकडा उलटा करून दाखवला, दोन्ही टोकांना घासून बारीक झालेली भोकं. 'ही चकमक नाय, कपाटाची कडी आहे. अशा पूर्वी गोदरेजच्या आधीच्या लाकडी कपाटांना असायच्या.'

कानस त्याने फुकट दिली. दात घासून एक बाजू गुळगुळीत करून पण दिली, पाण्यात बुडवत बुडवत, कारण घासताना तापून निळी झाली तर तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि मग तीही कपाटाची कडी.

बाबांना काय सांगायचं हा प्रश्न लोकलमध्ये कळव्यापर्यंत. शेवटी खरं सांगितलं. ते म्हणाले, 'असेल.' मग पाच मिनिटांनी पेपरमधून मान वर न करता, 'तो लेथवाला किती वर्षांचा आहे?'

२० एप्रिल, रविवार

मोठी बॅच करायची म्हणून स्टीलचा डबा घेतला, रव्याचा, घट्ट झाकणाचा. घेतला म्हणजे विचारून घेतला नाही. झाकणाला भोक पाडलं नाही कारण चांगला डबा खराब होईल, म्हटलं झाकणाच्या कडेने जाईल थोडा धूर. सात मिनिटं काहीच नाही, धूरच नाही, मी वाकून बघायला पुढे झालो आणि थांबलो, नशीबच, कारण तेवढ्यात टप्प असा आवाज होऊन झाकण वर उडालं, पाण्याच्या टाकीवर आपटलं आणि मागून धुराचा लोट, तो स्टोव्हच्या ज्वाळेवर पेटला. पुरुषभर ज्वाळा, दोन सेकंद. भुवई थोडी गेली, उजवी.

लिहून ठेवतो आणि पुन्हा वाचेन तेव्हा हसणार नाही: बंद डबा तापवायचा नाही. भोक नाही म्हणजे बॉम्ब आहे. काचेची बरणी नाही, प्लास्टिक किंवा रबराच्या रिंगचं झाकण नाही, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नाही कारण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि जास्त तापलं तर त्याचा धूर बाधतो. कोल्ड्रिंकचा कॅन ॲल्युमिनियमचा, ६६० अंशांना वितळतो, गॅसच्या मंद आचेवर चालून जातो पण निखाऱ्यात ठेवला तर जाईल. डबा तापत असताना त्याच्यावर वाकायचं नाही. पाण्याची बादली हाताशी, माझी जिन्यात होती.

स्टीलच्या डब्यावर मोराच्या पिसासारखे निळे-जांभळे रंग आलेत. मला आवडले. बायकोला नाही. नवीन डबा आणून दिला, हा आता माझा.

२६ एप्रिल, शनिवार

सोसायटीची नोटीस. गच्चीवर 'ज्वलनशील प्रयोग' बंद. त्या उडालेल्या झाकणाचा आवाज चौथ्या मजल्यावर ऐकू गेला होता. सेक्रेटरींकडे गेलो, सगळं खरं सांगितलं, फडकं दाखवलं, ते हातात घेऊन पाहत राहिले. म्हणाले कोजागिरीला शेगडी चालते तर ठीक आहे, पण सकाळी, एकटं नाही, वॉचमनला सांगून, आणि टाकीपासून लांब. हे योग्यच आहे. शेवटी बोटं काळी झाली म्हणून माझ्याकडेच रुमाल मागितला.

एक-दोघांनी सुचवलं येऊरला जाऊन कर. अजिबात नाही. येऊर म्हणजे नॅशनल पार्कचं जंगल, तिथे आग पेटवायला बंदी आहे आणि एप्रिलमध्ये त्या सुक्या पानांत एक ठिणगी काय करेल ते कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. तिथला दगडही उचलत नाही मी.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन, सुट्टी, आणि आजवरची सगळ्यात चांगली बॅच.

कोळशाची शेगडी, आईची, तिच्यावर तिने गेल्या शतकात चकल्या तळल्यात. कॉफीचा पत्र्याचा डबा, रंग आधीच जाळून काढलेला, झाकणाला एक भोक. पंचा नाही, मांजरपाट, २४ चौकोन, उभे सैल लावलेले. वॉचमन काका स्टूल टाकून बसले, ते बिहारचे, म्हणाले गावाकडे आजोबा असंच काहीतरी करायचे, म्हणजे प्रत्येकाच्या आजोबांकडे चकमक होती, फक्त कोणाकडेच ती शिल्लक नाही.

धूर जाड झाला की भोकापाशी पेटती काडी हातभर लांबून, बाजूने, नेली. धूर पेटला. भोकावर अंगठ्याएवढी ज्योत, खाली निळसर वर पिवळी, समईसारखी स्थिर. त्या धुरात जळणारे वायू असतात, हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, ते पेटून गेले की डोळ्यांत जाणारा धूर कमी, शेजाऱ्यांची तक्रार कमी, आणि मुख्य म्हणजे घड्याळ मिळतं. ज्योत छोटी होत जाते, थरथरते, विझते, पुन्हा काडी लावली की क्षणभर धरते. पुन्हा विझली आणि काडी लावूनही धरेना की काम झालं. एकदा झाकणाच्या कडेनेही निळी ज्योत फिरली, तेव्हा थोडं मागे सरलो.

२२ मिनिटं लागली. सांडशीने डबा उतरवला, खिळा भोकात घातला, आणि फरशीवर ठेवून खाली आलो. हाच सगळ्यात अवघड भाग आहे, खाली येणं. आंघोळ केली, साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तास झाला, डब्याला हात लावला तर गार. २४ पैकी २३ एकसारखे काळे, मऊ, विणीचा प्रत्येक धागा दिसतोय, दोन बोटांत धरून हलकं ओढलं तर लगेच तुटत नाही. एक भिंतीला चिकटलेलं, अर्धं तपकिरी. तपकिरी म्हणजे कच्चं, ठिणगी पडते आणि मरते. उलट फार भाजलं तर उचलतानाच भुगा होतो. या दोघांच्या मधली जागा फार मोठी नाही पण ज्योत बघितली की चुकत नाही.

३ मे, शनिवार

पेटलं!

संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर, म्हणजे ठिणगी कुठे जाते ते दिसतं. फडकं दगडाच्या वरच्या अंगाला, धारेच्या अगदी जवळ, अंगठ्याने दाबून. कानस दुसऱ्या हातात, ठोकायची नाही, धारेला घासून खाली ओढायची, तिरकी, जणू दगडाने कानशीची साल काढायचीय. तसंच होतं खरं तर, दगड लोखंडाचा सूक्ष्म कण तासून काढतो आणि तो कण हवेत जळतो, ठिणगी दगडाची नसतेच. इतकी वर्षं मला वाटत होतं दगडातून आग निघते.

चौदाव्या की पंधराव्या ओढीला फडक्याच्या कडेवर एक ठिपका. सुईच्या टोकाएवढा. मी हललोच नाही, वाटलं विझला. मग तो मोहरीएवढा, मग कडा नारिंगी होत होत गोल वाढायला लागला, आवाज नाही, ज्वाळा नाही, धूर जवळजवळ नाही. फुंकर मारली की उजळतो. लेक शेजारी होती, ती फक्त 'ओ' म्हणाली, मोबाइल काढायलाही विसरली.

नारळाची शेंडी आधीच पिंजून घरट्यासारखी करून ठेवली होती. निखारा त्यात ठेवला, मुठीत सैल दाबला आणि खालून फुंकर. शेंडी धुपली, धूर पांढरा झाला, आणि भप्. लोखंडी घमेल्यात टाकलं, वर दोन काटक्या. बाबांना हाक मारली, ते गुडघ्यामुळे गच्चीवर येत नाहीत, आले.

नंतर मोजलं, दहा प्रयत्नांत सहा वेळा पेटलं. फेरोसेरियमच्या रॉडने, म्हणजे घासली की ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीने, दहापैकी दहा, पण त्याची ठिणगी फारच तापट असते, तिला फडकंही लागत नाही, पिंजलेला कापूस पुरतो. ते म्हणजे क्रिकेटमध्ये अंडरआर्म बॉलिंग.

११ मे, रविवार

बाबा म्हणतात कापड नव्हतंच, आजोबा सावरीचा कापूस वापरायचे. हे आत्ता सांगतायत. काटेसावरीची बोंडं याच दिवसांत फुटतात, कॉलनीच्या रस्त्याच्या कडेला म्हातारी उडत असतेच, एक पिशवी गोळा केली. इतका हलका की पिशवी भरून १५ ग्रॅम. पाणी धरत नाही, तेलकट गुळगुळीत तंतू.

सैल भरला तर डबी उघडल्यावर तळाला काजळी फक्त. ठासून भरला तर मधला पिवळाच राहिला, पण बाहेरचा थर काळा झाला त्याने मात्र पहिल्या तीन ओढींत ठिणगी धरली, मांजरपाटापेक्षा पटकन. फक्त हातात धरवत नाही, फुंकर मारली की उडतो. म्हणून नळी! नळीत ठासायचा, तोंडाशी पेटवायचा, काम झालं की वर झाकण, हवा बंद, विझला, आणि विझताना जे जळलं होतं तेच पुढच्या वेळचं जळकं फडकं. डबा नको, शेगडी नको, सोसायटीची नोटीस नको. बाबांना विचारलं नळी कशाची, बांबूची की पितळेची. आठवत नाही म्हणाले, झाकण दोरीने बांधलेलं होतं एवढं आठवतं.

२८ मे, बुधवार

मान्सून परवा २६ तारखेलाच मुंबईत, इतक्या लवकर कधी नोंदला गेला नव्हता. गच्ची बंद. जिन्यात बसून १ मेच्या बॅचमधून एक काढलं, ठिणग्या भरपूर, पडतायत नेमक्या, आणि मरतायत. ४० ओढी. बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती, झाकण ठीकठाक वाटत होतं. कोळसा दमटपणा शोषून घेतो आणि ठाण्याची हवा या दिवसांत पापड सादळवते तर फडक्याचं काय.

७ जून, शनिवार

सादळलेली फडकी त्याच बूटपॉलिशच्या डबीत घालून, झाकण लावून, मंद आचेवर चार मिनिटं. थोडी वाफ गेली. भोक बंद, गार. दुसऱ्या ओढीला धरलं. म्हणजे वाया गेलेली नाहीत, फक्त तापवायची. आता छोट्या स्टीलच्या हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत, वरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा. या डब्याला रबर चालतं, तो तापवायचा नाहीये.

१३ जुलै, रविवार

पाच आठवड्यांनी डबा उघडला, बाहेर नुसता धोधो. तिसऱ्या ओढीला पेटलं. देवापुढचा धूप त्याच निखाऱ्यावर लावला, बायको म्हणाली काडेपेटी शेजारीच आहे.

काडेपेटीवरून बाबांनी सुरू केलं. काडेपेटीची कंपनी विमको १९२३ ची, अंबरनाथला तिचा कारखाना होता, अजून तिथल्या नाक्याला विमको नाका म्हणतात. साहेबाच्या देशात जॉन वॉकर नावाच्या औषधविक्याने १८२७ मध्ये घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या तोवर तिकडेही घराघरात डबी, दगड आणि जळकं फडकंच होतं. मी म्हटलं मग आजोबांनी चकमक कधी सोडली. बाबा म्हणाले सोडली कसली, काडेपेटी खिशात आणि चकमक कनवटीला, काडेपेटी सरपंचासमोर काढायची.

फडकी १७ उरलीत. मांजरपाट सव्वा मीटर. नवीन बॅच ऑक्टोबरमध्ये, सेक्रेटरींना सांगून ठेवलंय, त्यांना त्यांच्या ट्रेकसाठी सहा हवीत. हवाबंद डब्यात आता अकीक आहे, कानस आहे, आणि आज बघितलं तर पुडीच्या खाली ती कपाटाची कडीपण, पुसून, तेल लावून ठेवलेली. मी ठेवली नव्हती.